भिंतीवरून काढलेला कागद

महानंदाताईंवर अन्याय झाला तो पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी जेवणाच्या सुट्टीत, भूमजवळच्या एका पवनचक्की केंद्रात. त्यांनी मराठीत केलेला सुरक्षा-सूचनांचा कागद तिथल्या व्यवस्थापकानं आमच्यादेखत भिंतीवरून काढला. "अधिकृत भाषांतरकार लागतो, बाई," म्हणाला. पंधरा वर्षं पवनचक्क्यांची इटालियन माहितीपुस्तकं फ्रेंचमध्ये करणाऱ्या बाईला!

ताई लोहाऱ्याच्या, आमच्या शेजारच्या. घरात कानडी, दारात मराठी, आणि ह्या दोन परक्या भाषा हैदराबादेत शिकलेल्या. काम पुण्याच्या एका एजन्सीचं, घरबसल्या. पद्धत मात्र त्यांची स्वतःची. इटालियन सूचना आधी दस्तगीर वायरमनला मराठीत सांगायची, त्यानं विजेच्या रिकाम्या पेटीसमोर ती करून दाखवायची, मगच फ्रेंच लिहायचं. "ताई, झाकन उघडलं, पन दुसरा हात कुठं ठिवू? ते सांगितलंच न्हाय तुमी!" तो अडला की ताई आपलं वाक्य खोडायच्या. कामगारांसाठी मी काढतो ती पत्रकं वाचून हसायच्या. "लई ओरडतोस रे. माणसानं उभं कुठं ऱ्हायचं, ते लिही की!"

केंद्रातले कामगार इंग्रजी कागदावर 'वाचलं, समजलं' म्हणून सही करतात, हे मी सांगितलं तेव्हा त्यांनी तो मराठी कागद फुकट करून दिला. तो काढल्यावर ताईंनी आपण भाषांतरकार असल्याचा दाखला मागायला एजन्सीला पत्र लिहिलं... उत्तर आलं, भाषांतरकारांची नावं आम्ही जाहीर करत नाही. पुस्तकांवर तरी नाव कुठं होतं? दाखला आलाच नाही. दिवाळीच्या आधी तापाचं निमित्त झालं आणि ताई गेल्या.

परवा त्यांचा फोन वाजला. त्यांच्या बहिणीनं तो माझ्या हातात दिला, "तूच बोल बाबा." एजन्सीतली मुलगी होती, तिला काहीच माहीत नव्हतं. "ताई मेलला उत्तर देत नाहीत. इटालियनमधून फ्रेंचमध्ये, ऊर्जाक्षेत्रातलं करणारं दुसरं कुणी सुचवाल का? आम्हाला मिळत नाहीये."

"एक होत्या," मी म्हणालो. "त्यांचं नाव तुम्ही सांगत नव्हता."



काल केंद्रात गेलो. भिंतीवर चिकटपट्टीचे चार तुकडे अजून आहेत. मधे नुसता चुना. खाली टेबलावर तोच इंग्रजी कागद, सुतळीनं बांधलेलं पेन. ताईंचा कागद माझ्या पिशवीत आहे.

तुम्ही पवनचक्कीवर असा, साखर कारखान्यात असा, कुठंही असा. न कळणाऱ्या कागदावर सही करू नका. आधी मराठीत मागा. आणि तो ज्यानं मराठीत केला, त्याचं नाव खाली लिहायला लावा.