अंगठा अडवणाऱ्या सिस्टर

शाई लागलेला अंगठा कागदावर टेकण्याआधी हवेतल्या हवेत अडवावा, तर आमच्या मोठ्या सिस्टरांनीच. अख्ख्या खान्देशात त्यांच्यासारखी दुसरी बाई नव्हती. ऐंशीच्या दशकात मी धुळ्यातल्या एका धर्मादाय दवाखान्यात कारकून होतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बी.ए. झाल्याचं मी सांगत फिरत नसे, पण कोणी विचारलं नाही तर मला करमतही नसे. सिस्टर मला 'बी.ए. भाऊ' म्हणत. त्यात कौतुक किती आणि टोला किती, हे चार वर्षांत कळलं नाही. बाई एका जागी ठरत नसत. चहा चालता चालता पीत, तो ज्या खाटेशी संपेल तिथे कपबशी ठेवत, आणि मग "माझी बशी कोणी नेली?" म्हणून वॉर्ड डोक्यावर घेत. मात्र कोणाच्या दुखण्याचा विषय निघाला की हाच आवाज कुजबुजीवर येई. वरणगावच्या एका पाहुण्याने "आमच्या साडूला नेमकं झालंय काय?" म्हणून फारच खोदलं, तेव्हा म्हणाल्या, "पाहुणे फार झालेत त्यांना. दोन कमी झाले की उतार पडेल."

पण खरा छळ ऑपरेशनच्या संमतीच्या कागदाचा. कागद मी वाचून दाखवायचा, मग सिस्टर येऊन रोग्यालाच अहिराणीत विचारणार, "काय वं माय, तुनं काय करनार शेतस? तू सांग." आपलं काय करणार आहेत ते रोग्याने नीट सांगितलं तरच अंगठा. एकदा त्यांची वाट पाहून मी कंटाळलो. साक्रीकडची नवी सून, पित्ताच्या खड्यांनी हैराण झालेली. 'पित्ताशयाची पिशवी काढण्याची शस्त्रक्रिया' असं मी शुद्ध मराठीत खणखणीत वाचलं आणि अंगठा घेऊन मोकळा झालो. ट्रॉली ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी पोचली, तशा सिस्टर धावत आल्या आणि त्यांनी आपला प्रश्न विचारलाच. पोरीने डोळे मिटले. "पिशवी काढनार शेतस. आते माले लेकरू व्हनार नही."

सिस्टरांनी ट्रॉलीचा दांडा धरला. सासू म्हणाली, "अंगठा देल शे ना तिनी?"

"अक्का, बाहेर बसा. पोट तिचं आहे."

आतून डॉक्टर ओरडले, "सिस्टर, उशीर होतोय!"

"साहेब, चाकू तयार आहे, बाई तयार नाही."

मग तिचाच हात तिच्या उजव्या बरगडीखाली ठेवून त्यांनी समजावलं, "पित्तनी पिशवी आठे शे. लेकरूनी पिशवी खाले. तिले कोनी हात लावनार नही." हे तिच्या तोंडून दोनदा वदवून घेतलं, तेव्हा नवा कागद. जुना मी फाडायला निघालो तर हात धरला. त्यावर आडवी रेघ, 'रोग्यास समजले नव्हते' हे माझ्याच अक्षरात, खाली माझीच सही.

मी चिडून पोरीला म्हटलं, "अगं, मग अंगठा दिलास कशाला?"

"तुम्ही शिकेल मानूस," ती म्हणाली. "तुमले कसं इचारनं?"

ऑपरेशन सुखरूप झालं. सिस्टर पुढे निवृत्त होऊन भावाकडे गेल्या. पत्ता मागेन मागेन म्हणता राहून गेला. ट्रॉली अडवली त्या दिवशी त्या मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या, तर मी भांडलो असतो आणि एव्हाना विसरूनही गेलो असतो.