पारनेरचा शिक्रा आणि माझा चष्मा

पाखरं बघायला कुणी पारनेरकडे निघणार असेल, तर आधी माझी फजिती वाचा.

एकाहत्तर साल, मृगाच्या आधीचे दिवस. पारनेरजवळच्या वस्तीवरून माझ्या आतेबहिणीचं, सरूचं पत्र आलं. आत एक पीस. ‘दादा, अंगणात घावलं. माझी कोंबडीची पिल्लं जात्यात. हिरीच्या मांजरानं खाल्ली म्हणून मी बोलले, दोन महिनं आमी तोंड बघत न्हाई. पीस कुणाचं, येऊन सांग.’ हिरा म्हणजे सरूची धाकटी जाऊ, घर भिंतीला भिंत.

पाखरांचं मला कोणी शिकवलं नव्हतं, पण चष्मा होता. केडगावला एसटी धरली, सुप्याला बदलली, पारनेरपासून कोसभर चाललो. तुम्ही पाणी न्या. मी नेलं नव्हतं. जाणकाराला तहान लागत नाही, असा माझा समज.

अंगणात दोन्ही जावा दोन टोकांना उभ्या. मी पीस उन्हात धरलं. राखी रंग, काळे आडवे पट्टे, टोकाला तांबूस कड.

“शिक्रा!” मी म्हणालो. “झाडीत दबा धरून बसतो, पिल्लं उचलतो. शेपटीचं पीस आहे. मांजर निर्दोष!”

“बघा, बाई!” हिरा म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावला.

“गप ए. पिठल्याला मिरच्या आन,” सरू म्हणाली. त्या दिवशी दोघी एका ताटात जेवल्या. बाजरीच्या भाकरी मी चार खाल्ल्या. मान मिळाला की भूक वाढते.

सकाळी परत निघालो, तर वाटेवरच्या लिंबावर पावशा ओरडत होता, ‘पेर्ते व्हा’. उडून समोर बसला. चोचीत सुरवंट, शेपटीवर तेच पट्टे, तीच तांबूस कड! शिक्र्याच्या अंगरख्यात फिरणारं हे गरीब पाखरू. त्यानं सरूच्या पिल्लाला कशाला हात लावावा? खोट्या साक्षीवर दोन घरं जोडली होती मी. माघारी वळलो.

सरू गोठा झाडत होती. सगळं सांगितलं. ती हसली.

“पावशाचं हाय ते मला ठावं हुतं, दादा. आन् पिल्लं मांजरानंच खाल्ली, म्या डोळ्यांनी बघितलं.”

“मग मला कशाला बोलावलंस?”

“आधी बोलायचं कुनी? ती न्हाई, मी न्हाई. म्हटलं, पट्टं बघून तू शिक्राच म्हनशील, आन् चष्म्यावाल्याचं कुनी खोटं धरायचं न्हाई.” मग हळूच म्हणाली, “मांजरापायी जाऊ सोडायची व्हय?”

केडगावला येईपर्यंत मी खिडकीबाहेर एकाही पाखराचं नाव घेतलं नाही. ते पीस अजून माझ्या पेटीत आहे. पाकिटावर ठसठशीत अक्षरात ‘शिक्रा’ लिहिलेलं आहे. खरं काय ते मला ठाऊक आहे; पण खोडायचं नाही, असा सरूचा हुकूम आहे.