लंकाबाईच्या गाडीचे नट

जुन्नरच्या बाजारातून बाहेर पडलं की डाव्या हाताला इब्राहिमचं गॅरेज. तीस वर्षं झाली त्याला. पाटी कधीच पुसून गेली, पण विचारा कुणालाही, बोट तिकडंच जाईल. गडी कामाला चोख, तोंडाचा फटकळ आणि एका बाबतीत भलताच हट्टी. चाक बसवलं की गाडीवाल्याच्या हातात पाना द्यायचा आणि म्हणायचा, "एक नट खोलून दाखवा, राव. रस्त्यात पंक्चर झाली तर मी येणार न्हाई तिथं." मास्तर असो नाहीतर सरपंच, नट खोलल्याशिवाय गाडी सुटायची नाही. लोक वैतागायचे, कुरकुरायचे, पण खोलायचे.

आपटाळ्याच्या लंकाबाईला स्टेपनी बदलायला त्यानंच शिकवलं. नवऱ्याची, कुशाबाची, नजर अधू झाली तेव्हा बाईनं सरळ पिकअपचं स्टिअरिंग हातात घेतलं. पन्नाशी उलटलेली बाई पदर खोचून, टोमॅटोचे क्रेट भरून एकटी नारायणगावला जायची. गावानं नावं ठेवली. तिनं ऐकून घेतली आणि गिअर टाकला.

गेल्या वर्षी इब्राहिमचा उजवा खांदा धरला. एका टेम्पोचा नट त्याच्यानं भर गर्दीत काही केल्या हलेना, शेवटी टेम्पोवालाच पान्यावर उभा राहिला. मागं कुणीतरी फिदीफिदी हसलं. ते हसू त्याच्या जिव्हारी लागलं. दुसऱ्याच दिवशी तो नारायणगावात मोहितच्या हत्यारांच्या दुकानात गेला, बॅटरीवर चालणारी नट खोलायची गन बघायला.

मोहितनं दोन काढल्या. "चाचा, ही छोटी घ्या. जोर कमीजास्त करायचं बटन हाय हिला. कारला, पिकअपला लई झाली. आन् खांद्यालाबी हलकी. ती मोठी ट्रकवाल्यांची. आन् कुठलीबी न्या, नट नुसता भराभर फिरवायला वापरा. शेवटचं आवळायचं ते हातानंच."

पोरगं बरोबर बोलत होतं. इब्राहिमला काय कळत नव्हतं? पण छोटी गन त्याच्या पंजात खेळण्यासारखी दिसत होती. ही घेऊन गेलो की परत हसतील, एवढंच त्याच्या डोक्यात.

"मोठी दे," तो म्हणाला.

घरी बायकोनं, जैबुन्निसानं, ती दोन्ही हातांनी उचलून बघितली. "खांदा दुखतो म्हणून आणली ना? मग एवढी जड कशाला?" त्यानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

त्याच आठवड्यात लंकाबाई आली. टायर एका अंगानं झिजले होते, चारही चाकं आलटूनपालटून बसवायची होती. नवीन मशीन बघायला माणसं गोळा झालेली. मग काय विचारता! घर्रर्र करून गडी सुटला. नट पार गच्च झाले तरी बटनावरचं बोट काढेना. मोहितचं बोलणं आठवलं त्याला, पण बघणाऱ्यांसमोर पुन्हा पाना कोण हातात घेणार? लंकाबाईनं सवयीनं पान्यासाठी हात पुढं केला.

"आता कशाला, आक्का? मशीन हाय!" तो म्हणाला, आणि सगळे हसले. या वेळी त्याच्याबरोबर हसले.

आठ दिवसांनी भल्या पहाटे नारायणगावच्या वाटेवर बाईचं मागचं चाक पंक्चर झालं. तिनं जॅक काढला, पाना लावला, पान्यावर उभी राहिली, उड्या मारल्या. नट ढिम्म. तासाभरानं दोन मोटरसायकलवाल्यांनी पान्याला लांब पाइप घालून ते खोलले आणि जाताना ऐकवलं, "मावशी, घरी बसा आता." बाजारातला टोमॅटोचा लिलाव हुकला, माल तसाच माघारी आला.

दुसऱ्या दिवशी ती गॅरेजच्या दारात उभी. "भाऊ, गाडीला गिऱ्हाईक बघा एखादं. माज्या हातातला जोर गेला. तुमी एवढं शिकिवलं, पण मलाच जमंना."

इब्राहिमला एका क्षणात सगळं कळलं. सांगायचं होतं फक्त एक वाक्य. पण बाकावर दोन गिऱ्हाइकं चहा पीत बसली होती. तो म्हणाला, "वय झालं, आक्का. व्हायचंच."

अरे, जीभ झडली कशी नाही त्याची! बाईनं मान हलवली, स्वतःच्या हातांकडं एकदा बघितलं आणि गेली.

इब्राहिमनं दोन दिवस गन फडक्याखाली झाकून ठेवली. शेवटी जैबुन्निसाला सगळं सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? तिला सांगा की." तेवढ्यात कळलं, गेणभाऊ नावाचा कुणी आजच आपटाळ्याला गाडी बघायला चाललाय.

इब्राहिमनं मोटरसायकलला गन आणि पाना बांधला. पोचला तर गेणभाऊ ओट्यावर बसलेला, कुशाबा शेजारी, गाडी अंगणात. लाजेनं मान वर होईना, पण आता थांबून चालणार नव्हतं. तो कुणाशी न बोलता पुढच्या चाकापाशी बसला, गननं पाची नट ढिले केले, दुखऱ्या खांद्यानं पान्यावर आवळले आणि पाना लंकाबाईपुढं धरला.

"खोला, आक्का."

तिनं पाना लावला. एका हिसक्यात नट सुटला. ती बघतच राहिली.

"तुमचा जोर कुठंबी गेला न्हाई," इब्राहिम सगळ्यांसमोर म्हणाला. "मीच मशीननं नको तेवढे आवळले व्हते. मला त्या दिवशीच कळलं व्हतं. चुकलो मी."

कुशाबा चेहरा वळवून ऐकत होता. गेणभाऊनं चहाचा कप खाली ठेवला.

"गाडी इकायची न्हाई, पावणं," लंकाबाई त्याला म्हणाली. मग पाना घेऊन ती उरलेल्या चाकांकडं निघाली, आणि इब्राहिमजवळ थांबली.

"नट मशीननं आवळले, समजलं. पर वय झालं, असं काय मशीन म्हणालं न्हवतं, भाऊ."

इब्राहिमनं मान खाली घालून गन उचलली. तो दुसऱ्या चाकापाशी बसला आणि तिच्यासाठी तिथले नट ढिले करू लागला.