शेजारचा ब्रेक

गावात तिला सगळे क्लचबाई म्हणत, आणि तिला ते आवडे. गाडी शिकायला आलेल्या बाईच्या कानाशी ती तासभर एकच शब्द घोळवत असे, त्यावरून पडलेलं नाव. घरात मात्र ती थोरली. सासूबाईंना दोन सुना, थोरली आणि धाकटी. नावं होती दोघींना, पण ती सरकारी कामापुरती.

गावातल्या निम्म्याअधिक गाडी चालवणाऱ्या बायका थोरलीच्या हाताखालून गेल्या होत्या. बँकेतल्या, शाळेतल्या, दोन डॉक्टरणी, एक वकीलबाई. तिच्या पांढऱ्या गाडीवर ओरखडा म्हणून नव्हता. शिकाऊ गाडीवर ओरखडा नसणं म्हणजे नांदत्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर तेलाचा डाग नसणं. बघणाऱ्याला कौतुक वाटतं आणि थोडा संशयही येतो. पण संशय घ्यायला सवड कुणाला होती? बायका एकमेकींना सांगत, "तिच्याकडेच जा. ओरडत नाही. भीती म्हणून वाटत नाही तिच्या गाडीत."

ते खरं होतं. शिकवण्याच्या गाडीत शेजारच्या सीटसमोरही एक ब्रेक बसवलेला असतो. शिकणाऱ्याचा गोंधळ उडाला तर शिकवणाऱ्याने तो दाबायचा. थोरलीला गाडी तिच्या काकांनी शिकवली होती. काका तो ब्रेक दणकन दाबत आणि त्याच झटक्यात टपलीही मारत. ती रोज रडत घरी येई. पुढे स्वतः शिकवू लागली तेव्हा तिने कानाला खडा लावला, की माझ्या गाडीत कुणी रडायचं नाही.

मग तिने आपली अशी एक रीत बसवली. सायकलवाला आडवा येतोय हे तिला शिकणारीच्या आधी दिसे. शिकणारीचा पाय हलायच्या आत ती आपल्या बाजूचा ब्रेक अलगद दाबे, दुधावरची साय उचलावी तितक्या हलक्या पायाने. गाडी वेग टाकी. मागाहून शिकणारीचा पाय पोचे, गाडी थांबे, आणि त्या बाईला वाटे, थांबवली बाई आपण. थोरली म्हणे, "छान. अगदी वेळेवर." हे खोटं आहे असं तिच्या मनात कधी आलं नाही. सायकल शिकणाऱ्या पोराला मागून धरलेलं असताना "मी सोडलंय हं" म्हणतो, तसंच ते. फक्त सायकल केव्हातरी खरंच सोडावी लागते, एवढं तिच्या लक्षात राहिलं नव्हतं.

धाकटीही अशीच शिकली. ती नदीपलीकडच्या दवाखान्यात परिचारिका होती. नवरा परगावी नोकरीला, महिन्यातून एकदा येणारा. गाडी आली आणि तिचं आयुष्यच बदललं. पहाटेच्या पाळीला ती स्वतः जाऊ लागली, लहान मुलांचा वॉर्ड तिला मिळाला, आणि सासूबाई शेजारणीला सांगू लागल्या की आमच्या धाकटीला आता आभाळ ठेंगणं झालंय.

आणि एके सकाळी पोस्टासमोर धाकटीच्या गाडीने एका म्हाताऱ्या माणसाला उडवलं. निवृत्त पोस्टमन होते ते, हातात भाजीची पिशवी घेऊन रस्ता ओलांडत होते. जीव वाचला, पण मांडीचं हाड मोडलं. धाकटी पळाली नाही. तिनेच त्यांचा पाय बांधला, तिनेच दवाखान्यात नेलं. पोलिसांनी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली, की मला ते दिसले होते, मी बघत होते, मला वाटलं गाडी थांबेल.

या बोलण्याचा अर्थ कुणालाच लागेना. सासूबाई म्हणाल्या, "गाडी म्हणजे काय बैल आहे, माणूस दिसला की आपला आपण थांबायला?"

विचारपूस करायला शेजारणी जमल्या होत्या, थोरलीही तिथेच होती. ती म्हणाली, "मी शिकवलं तेव्हा तर चांगली चालवायची."

वाईट हेतू नव्हता त्यात. पण त्या वाक्याने निकाल लागला. गावातल्या सगळ्यात चांगल्या मास्तरणीने शिकवलेली बाई ठोकते, म्हणजे दोष बाईचाच. लक्ष नसेल, नवरा परगावी, मन थाऱ्यावर नसेल. धाकटीने किल्ली फ्रीजवर ठेवली ती परत उचलली नाही. बसने जाऊ लागली. पहाटे बस नव्हती, म्हणून पहाटेची पाळी सुटली. काही आठवड्यांनी दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टरांनी सांगितलं, पाळी जमत नसेल तर वॉर्ड दुसरीला द्यावा लागेल, तुम्ही नोंदणीच्या खिडकीवर बसा. महिनाअखेरीपर्यंत काय ते कळवा. धाकटी घरी येऊन हे भाजी चिरता चिरता बोलली, जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट.

थोरलीच्या नवऱ्याचं घराखालीच गॅरेज होतं. त्याच सुमारास चौकातला हवालदार आपली मोटारसायकल दुरुस्तीला घेऊन आला आणि चहा येईपर्यंत गावाचं दुखणं सांगत बसला. गावाबाहेरून नवा रस्ता झाल्यापासून ट्रक तिकडून जातात. पूर्वी वर्षात दोन-चार माणसं ट्रकखाली जायची, ते थांबलं. पण आतले रस्ते मोकळे झाले आणि जो तो सुटला. आता रोज कुठे ना कुठे धडक. कुणी पुढच्या गाडीला मागून ठोकतं, कुणी बसमधून उतरणाऱ्या माणसाला.

"आणि त्यात बायका जास्त, बरं का क्लचबाई," तो म्हणाला. "रागावू नका."

थोरली रागावलीच. पुरुष ठोकतात ते काय फुलं वाहतात का, असं तिने विचारलं. हवालदार हसला. म्हणाला, गंमत अशी की तुमच्या बायका बाकी सगळं चोख करतात. पट्टा लावलेला, वळताना दिवा दिलेला, आरशात बघितलेलं, दोन्ही हात चाकावर. "पुरुष ठोकतो तेव्हा तो कुठेतरी दुसरीकडेच बघत असतो. तुमच्या बायका समोर बघत बघत ठोकतात. ब्रेक तेवढा उशिरा लागतो. तुमच्या वर्गात ब्रेकचा धडा शेवटच्या दिवशी असतो का?"

चहा घेऊन तो गेला. थोरलीने हसण्यावारी नेलं. पण त्याच आठवड्यात नवऱ्याने तिची गाडी तपासायला घेतली आणि खाली वाकल्या वाकल्या म्हणाला, "अगं, हे बघ तरी. चालवणाऱ्याच्या बाजूचं ब्रेकचं रबर नव्यासारखं आहे, आणि तुझ्या बाजूचं पार गुळगुळीत. गाडी शिकवतेस की चालवतेस?"

तो सहज बोलला आणि दुसऱ्या कामाला लागला. थोरली तिथेच उभी राहिली. मग वाकून तिने दोन्ही रबरांवरून बोट फिरवलं.

दुसऱ्या दिवशी तिच्याकडे एक शिक्षिका होती, शिकणं संपत आलेली, पुढच्या आठवड्यात परीक्षा देणार होती. थोरलीने पाय ब्रेकपासून बाजूला घेतला. भाजी बाजाराच्या रस्त्यावर एक हातगाडी आडवी येत होती. शिक्षिकेला ती दिसली. तिने हातगाडीकडे बघितलं, मान नीट, हात नीट, चेहरा शांत. पाय जागचा हलला नाही. थोरली वाट बघत राहिली. अजून नाही. अजून नाही. हातगाडीवाला ओरडला तेव्हा थोरलीने सगळा जीव एकवटून ब्रेक दाबला. गाडी हातगाडीला टेकून थांबली, चार वांगी रस्त्यावर घरंगळली.

शिक्षिकेच्या डोळ्यांत पाणी आलं. "काय झालं हो? आज गाडी नीट थांबलीच नाही."

हातगाडीवाल्याची समजूत काढून थोरली घरी आली ती सरळ न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून बसली. कळलं होतं. काहीच शंका उरली नव्हती. या बायकांना तिने भीती वाटू दिली नव्हती, आणि भीती वाटली की पाय जिथे जायला हवा तिथे जायची वाटच त्यांच्या अंगात तयार झाली नव्हती. शेकड्यांनी बायका गावभर फिरत होत्या आणि प्रत्येकीच्या शेजारी तिचा न दिसणारा पाय आहे असं त्यांना वाटत होतं. कुणाकुणाला बोलवून सांगायचं?

बाकीच्यांचं राहू दे. घरातल्या घरात सांगायचं तेही तिला जमेना. रोज ठरवायची, आणि धाकटी समोर आली की मीठ झालंय का बरोबर असं काहीतरी विचारायची. मन खातंय म्हणून ती एक दिवस फळं घेऊन पोस्टमनना बघायला त्यांच्या घरी गेली. ते पाय उशांवर ठेवून पडले होते. तिला बघून उलट तेच तिची समजूत घालू लागले. "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका बाई. तुमच्यासारख्या मास्तरणीने शिकवलं, आता शिकणारीनेच लक्ष दिलं नाही त्याला तुम्ही काय करणार?" आणि थोरलीने मान हलवली. होय म्हणून हलवली. जिन्यावरून उतरताना तिला स्वतःचीच किळस आली. ठोकलं ते धाकटीने, पण इतके दिवस गप्प राहून तिच्यावर रोज गाडी घालत होतो ते आपण.

त्या संध्याकाळी धाकटी म्हणाली, "खिडकीचं कळवून टाकलं मी. उद्या सही केली की झालं."

दोघी ओट्याशी उभ्या होत्या. धाकटी भांडी घासत होती, थोरली पुसत होती. थोरलीने हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"सही करू नकोस. तुझी चूक नव्हती ती."

"ताई, आता पुरे ना."

"ऐक. तू शिकत होतीस तेव्हा ब्रेक तू लावत नव्हतीस. मी लावत होते. तुझ्या आधी. प्रत्येक वेळी."

धाकटीला आधी कळलंच नाही. थोरलीने सगळं सांगितलं. काका, टपली, रबर, हातगाडी. धाकटीच्या हातांवरून नळाचं पाणी वाहत राहिलं. मग तिने नळ बंद केला.

"म्हणजे मला येतच नव्हतं," ती म्हणाली. "तुम्ही छान म्हणायचात. मी घरी येऊन यांना फोन करून सांगायची, आज ताई छान म्हणाल्या." मग तिने विचारलं, "कधी कळलं तुम्हाला?"

थोरली खाली बघत म्हणाली, "दोन आठवडे झाले."

"आणि मी खिडकीचं कळवेपर्यंत थांबलात."

धाकटीने हात पुसले. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. काकांच्या टपल्या थोरलीने सोसल्या होत्या. धाकटी फक्त म्हणाली, "आईंना सांगा. माझ्यासमोर. आणि त्या पोस्टमनकाकांनाही."

सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "भरवून भरवून मूल मोठं केलं, आणि ताटावर बसवल्यावर म्हणायचं हात का चालत नाही." आणि धाकटीकडे वळून, तिला कधी नव्हे ते हाताला धरून म्हणाल्या, "मीही बोलले तुला. बैलाचं."

पोस्टमनना सांगायला थोरली एकटी गेली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. या वेळी समजूत घातली नाही. म्हणाले, "पाय तुमचा होता की तिचा, याने माझ्या पायाला काय फरक पडतो बाई? तो तर मोडलाच. मी घरी बसलोय ते बसलोय. पण बाकीच्या ज्या फिरतायत, त्यांचं काय करणार आहात ते सांगा."

ते करायचं तिने सुरू केलं. जुन्या विद्यार्थिनींना एकेकीला फोन लावले, एक दिवस या, ब्रेक पुन्हा शिकवते. काही आल्या. बऱ्याच जणींना अपमान वाटला. वकीलबाई तर म्हणाली, मला चुकीचं शिकवलंत असं आता म्हणताय, मग परीक्षेत पास कशी झाले? परीक्षेत ठरलेल्या खुणेवर थांबायचं असतं, आडवं कुणी येत नाही, हे थोरलीने सांगून पाहिलं. पांढऱ्या गाडीत आता रोज कुणीतरी दचकत होतं, कुणीतरी रडत होतं, आणि नव्या बायका चौकशी करून दुसऱ्या मास्तरांकडे जात होत्या.

धाकटीने सही लांबवली. रविवारी ती स्वतःच किल्ली घेऊन दारात आली. "चला," म्हणाली, "पण शिकाऊ गाडी नको. माझी."

गिरणीमागच्या मोकळ्या मैदानात दोघी गेल्या. थोरलीने गॅरेजमधला तेलाचा रिकामा डबा मधोमध उभा केला आणि शेजारी येऊन बसली. इथे तिच्या पायापुढे ब्रेक नव्हता, नुसता सपाट पत्रा होता. धाकटीने गाडी सुरू केली, थोडी पुढे नेली, आणि थांबवून म्हणाली, "तुम्ही उतरा. तुम्ही शेजारी असलात की गाडी थांबेल असंच वाटतं मला."

थोरली उतरून कडेला उभी राहिली. गाडी लांब गेली, वळली, वेग घेऊन आली आणि डब्यावर आदळली. डबा खणखणत दूर गेला. इतकी वर्षं शिकवूनही हा आवाज थोरलीने कधी ऐकला नव्हता. तो ऐकू येऊ नये म्हणूनच तर सगळा खटाटोप होता. ती डबा उचलायला धावली.

"राहू द्या," धाकटीने खिडकीतून सांगितलं. "मी उचलते."

तिने चेपलेला डबा आणून जागेवर ठेवला. पुन्हा गेली, पुन्हा आदळली. पुन्हा उतरून डबा आणला. थोरलीच्या घशात "दाब, दाब" येत होतं आणि ती ओठ घट्ट मिटून उभी होती. त्यानंतरच्या खेपेला चाकं खडीवर घासली, धूळ उडाली, आणि गाडी डब्याच्या हातभर अलीकडे गचकन थांबली. धाकटीचं डोकं पुढे जाऊन मागे आलं.

थोरली जवळ गेली. धाकटीचे दोन्ही हात चाकावर होते. चेहरा पांढराफटक. तिने पायाकडे बघितलं, मग थोरलीकडे.

"एवढा जोर लागतो?"

"लागतो."

"मला माहीतच नव्हतं," धाकटी म्हणाली. तिने कपाळावरचा घाम पुसला, गाडी मागे घ्यायला मान वळवली आणि तशीच म्हणाली, "बाजूला व्हा ताई. अजून येत नाहीये मला."