गिरणीचा धूर आणि तारे

सत्तरच्या दशकात मी सोलापुरातील एका महाविद्यालयाच्या वेधशाळेत साहाय्यक होतो. वेधशाळेची खोली सामानासाठी घ्यावी, असा संस्थेचा विचार होता. तो टळावा म्हणून आमच्या विभागप्रमुखांनी संस्थेच्या लोकांना रात्रीच्या आकाशाची त्रिमितीय चित्रफीत दाखवण्याचे ठरवले. गच्चीवर दोन कॅमेरे शेजारी ठेवून आम्ही ठरावीक वेळाने एकेक चित्र टिपत असू, तेही जवळच्या कापडगिरणीच्या सुट्टीलाच. एरवी चिमणीचा धूर गच्चीवरून जाई. लाल-निळ्या चष्म्यातून पाहिले, तर तारे भिंतीला चिकटवल्यासारखे सपाट दिसले. खोलपणा दिसतो तो दोन चित्रांतल्या फरकामुळे; इतक्या दूरच्या वस्तूला कॅमेऱ्यांमधले दोन हातांचे अंतर पुरणार नव्हते.

मी म्हणालो, "सर, गिरणी चालू असेल त्या दिवशी चित्रे घेऊ. धूर जवळचा आहे, तो तरी पुढे येईल."

"म्हणजे वेधशाळा आता चिमणीच्या जिवावर जगवायची?" सर म्हणाले. पण त्यांनी तसे चित्रण केले.

पडद्यावर धूर पुढे सरकला आणि तारे मागे खोल गेले. संस्थेच्या अध्यक्षांनी मान मागे घेतली. "अहो, हा अंगावरच येतोय की!"

खोली आमच्याकडेच राहिली.

"ताऱ्यांकडे कुणी पाहिलं का हो?" सरांनी नंतर विचारले.

"नाही," मी म्हणालो. गिरणीच्या पुढच्या सुट्टीपासून आम्ही पुन्हा बिनधुराचे आकाश टिपू लागलो.