किंचित जलद लॉन्झो

ओडेल गिलरीने कॅसेट डेकवरचं वेगाचं चाक अंगठ्याने जरासं पुढे सरकवलं, आणि पंचवीस वर्षांपूर्वी मेलेल्या, रॅप गाणाऱ्या लॉन्झोचा आवाज कायमचा बिघडवून ठेवला.

ही चूक ह्यूस्टनच्या माणसानेच करावी. दुसऱ्या गावचा असता तर होतं तसं उतरवून मोकळा झाला असता. पण ह्यूस्टनच्या दक्षिण भागात रॅप मुद्दाम संथ करून ऐकायची रीत. जाड, रेंगाळता आवाज आला की तो कुणीतरी संथ केलाय, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. ओडेल तर शाळेच्या बसगाड्यांची इंजिनं दुरुस्त करून उरलेल्या वेळात जुन्या कॅसेटी हुडकणारा आणि कॉम्प्युटरवर उतरवणारा. कान तयार! खरा वेग आपण ओळखला, या खुशीत त्याने अख्खी कॅसेट उतरवून इंटरनेटवर टाकली. लॉन्झोने घरी भरलेल्या पन्नास कॅसेटींतली उरलेली ही एकच. गाडीच्या डिकीत वर्षानुवर्षं भाजलेली फीत शेवटचं गाणं उतरून होता होता तुकडे तुकडे होऊन गळली.

कॅसेट दिली होती लॉन्झोच्या थोरल्या बहिणीने, मिस व्हर्लीनने; इकडे वडीलधाऱ्या बाईला मिसच म्हणतात. आठवड्याने तिने ओडेलला बोलावून घेतलं.

"हे पोरगं कोण रे?"

"लॉन्झोच की, मिस व्हर्लीन."

"लॉन्झो? अरे, बाराव्या वर्षी त्याला चर्चमध्ये मागच्या रांगेत जाड आवाजाच्या बाप्यांबरोबर गायला उभा करायचे! हा तर दारात पिझ्झा घेऊन आल्यासारखा बोलतोय."

तेव्हा कुठे ओडेलच्या ध्यानात आलं. गाणं कुणी संथ केलंच नव्हतं. माणूसच तसा होता.

चाकावर आकडे नव्हते, किती सरकवलं तेही त्याला आठवेना; त्याने अंदाजाने वेग कमी करून पुन्हा टाकलं. ऐकणारे तुटून पडले. "बनावट! मूळ ऐका आधी." "काका, ह्यूस्टनवाल्यांना सगळंच संथ करायची खोड." ओडेलने लिहिलं, ते मूळ मीच बिघडवलंय. "मग तुमचं आता तरी का ऐकायचं?" एकाने विचारलं. बरोबरच विचारलं.

परदेशातल्या एका कंपनीला तबकडी काढायची होती. आवाज माझ्या भावाचा हवा, एवढीच व्हर्लीनची अट. "लोकांच्या ओळखीचा आवाज तो आधीचा जलदच आहे," असं कळवून कंपनी गप्प झाली.

"मरोत लोक," व्हर्लीन म्हणाली. "मला एक कॅसेट भरून दे, गाडीत लावायला. पण खऱ्या वेगाची."

खरा वेग आता फक्त तिच्या कानात होता. दर रविवारी चर्च सुटलं की ओडेल नवा नमुना घेऊन तिच्या गाडीत बसायचा.

"अजून खाली घे."

"आता?"

"हा तर झोपला!"

चौथ्या रविवारी तिने डोळे मिटून अख्खं गाणं ऐकलं.

"हाच ना?"

"कुणास ठाऊक," ती म्हणाली. "नातू दिवसभर तुझं ते भराभर वाजवतो. आता आठवायला गेले तरी लॉन्झो तस्साच बोलतो. माझ्या डोक्यातनंसुद्धा घालवलास त्याला, ओडेल."

"पुढच्या रविवारी परत बघू, मिस व्हर्लीन."

"नको. आता कॅसेट भरलीस की मगच ये."

ओडेलने कोरी कॅसेट आणली, वर लॉन्झोचं नावही लिहिलं. दोन वर्षं झाली. भरायची कुठल्या वेगाने, ते विचारायला त्याला कुणी उरलेलं नाही; आणि व्हर्लीनला एक कॅसेट द्यायची राहिलीच आहे.