बिबट्याचा शनिवार आणि आमचा चातुर्मास

देवाचं निर्माल्य कुठंही टाकता येत नाही. ते परडीत साठत जातं आणि एक दिवस परडीच भरते. डोंगरावरच्या गोष्टींचं माझं तसंच झालं आहे. हळदीकुंकवाला चार जणी जमल्या की एक तरी म्हणतेच, "वहिनी, तो बिबट्याचा किस्सा सांगा ना." बिबट्याचा सांगितला की त्याच्यामागून भारद्वाजाचा येतो आणि मग चहा गार होतो.

डोंगर म्हणजे नगरच्या बाहेर, एका डोंगराच्या उतारावर, वनखात्यातून रिटायर झालेल्या एका साहेबांनी मांडलेलं लहानसं प्राणिसंग्रहालय. जखमी झालेली, आईवेगळी झालेली जनावरं तिथं आणायची, बरी करायची आणि जमेल त्यांना जिथली तिथं नेऊन सोडायचं, हे त्यांचं काम. रविवारी लोक मुलाबाळांसकट डबे बांधून यायचे. खाली टांग्यातून उतरायचं आणि चढण चढायची. बहात्तरच्या दुष्काळाच्या आगंमागं आम्ही तिथं फार गेलो.

आम्ही म्हणजे सावेडीतल्या सोमवारच्या भजनाच्या तिघी. मी एक. दुसऱ्या शेजारच्या विमलताई, ज्यांना कुठल्या उपासाला काय चालतं आणि काय नाही हे पंचांग न उघडता सांगता यायचं. तिसरी गंगूमावशी. ती खर्ड्याकडची, नवरा गेल्यावर पुतण्याकडे राहायला आलेली. मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल ती बोलत नसे आणि आम्ही विचारत नसू.

* * *

पहिल्यांदा गेलो ते विमलताईंच्या सोळा सोमवारांच्या उद्यापनानंतर. उद्यापन झालं तरी सोमवारचा उपास त्यांनी सोडला नाही, ते वेगळं. त्यांनी ठरवलं होतं की, ब्राह्मण-सवाष्ण जेवले, आता मुक्या जिवांना घालायचं. चुरम्याचे लाडू घेऊन आम्ही फाटकाशी पोहोचलो, तर तिथं पाटी. 'प्राण्यांना काहीही खायला घालू नये.'

गंगूमावशीला वाचता येत नव्हतं. तिनं विचारलं, "काय लिवलंय?"

विमलताईंनी पाटी पुन्हा एकदा नीट वाचली आणि म्हणाल्या, "आपण खायला घालत नाही, मावशी. आपण नैवेद्य दाखवतो."

आत सॅम्युएल उभा होता. जनावरांचं सगळं तोच बघायचा. रविवारी सकाळी चर्चला जाऊन आला की दिवसभर पिंजऱ्यांत. त्यानं डब्याकडे बघितलं.

"दाखवा की," तो म्हणाला. "दाखवून झाला की घरी न्या."

* * *

एकदा पाहुण्यांना घेऊन शनिवारी जावं लागलं. बिबट्या पिंजऱ्याच्या कोपऱ्यात पंजावर हनुवटी टेकून पडला होता. पाहुण्यांच्या मुलांना त्याला मांस खाताना बघायचं होतं.

"आज मिळणार नाही," सॅम्युएल म्हणाला. "आज शनिवार. त्याचा उपास असतो."

आम्ही तिघी एकदम थांबलो. गंगूमावशीनं चपला काढल्या आणि हात जोडले.

"निर्जळी का?" विमलताईंनी विचारलं.

"नाही, पाणी चालतं."

"दर शनिवारी?"

"दर शनिवारी. साहेबांनीच लावून दिलंय. रोज रोज मांस बरं नाही. एक दिवस पोटाला आराम."

मला वाटलं, आता विमलताईंचा हिरमोड होणार. पण त्या म्हणाल्या, "आपला तरी दुसऱ्या कशासाठी असतो?"

त्यानंतर त्यांच्या घरी शनिवार फार कडक झाला. त्यांचे यजमान उपासाच्या दिवशी स्टँडजवळ जाऊन भजी खाऊन यायचे, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. विमलताई त्यांना दारातच अडवायच्या. "जनावर असून तो पाळतो. तुम्हाला काय झालंय?"

पुढं एकदा यजमान मला पायरीवर भेटले. हळूच म्हणाले, "वहिनी, तो बिबट्या कधी सोडणार आहेत हो जंगलात?"

* * *

पंख मोडलेला एक भारद्वाज तिथं आणला होता. भारद्वाज दिसणं शुभ. एरवी तो दिसावा म्हणून झाडाखाली ताटकळावं लागतं. इथं तो पिंजऱ्यात होता, कधीही जा आणि बघा. ही बातमी सावेडीत पसरायला वेळ लागला नाही. मुलगी दाखवायची असली की आधी डोंगरावर चक्कर. मॅट्रिकची मुलं तर आयांबरोबर रांग लावून यायची.

सॅम्युएल वैतागला होता. "याला बघून पोरं पास व्हायला लागली तर हेडमास्तर यालाच करा. माझा झाडायचा वेळ जातो."

थंडी सरता सरता पंख बरा झाला. साहेबांनी त्याला सोडायचं ठरवलं. विमलताई स्वतः साहेबांना भेटल्या. त्यांचा धाकटा मॅट्रिकला होता.

"मार्चपर्यंत ठेवा," त्या म्हणाल्या. "पेपर झाले की सोडा. मी स्वतः येईन सोडायला."

साहेब फार सज्जन माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहा दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भारद्वाज सोडून दिला.

त्या वर्षी आमच्या गल्लीतली मुलं अभ्यास करून पास झाली.

* * *

दुष्काळाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात कर्जतकडच्या एका मेंढपाळानं घोंगडीत गुंडाळून हरणाचं पाडस आणलं. काळविटाची मादी, दोन-चार दिवसांची. आई पाण्याच्या वासानं विहिरीशी गेली आणि आत पडली. पाडस काठावर उभं होतं.

सॅम्युएलनं बाटली लावून बघितली, पाडस तोंड फिरवी. आम्ही तेव्हा तिथंच होतो. गंगूमावशीनं बाटली त्याच्या हातातून घेतली, दुधाचं बोट पाडसाच्या टाळूला लावलं, बाटली पदराखाली धरली आणि पाडस प्यायला लागलं.

"अंधार लागतो रे तिला, सामेल," ती म्हणाली. "आयीच्या पोटाखाली काय उजेड असतो व्हय?"

त्या दिवसापासून मावशी रोज जायला लागली. टांग्याला रोज कुठून पैसे द्यायचे, म्हणून पायी. पाडस तिची हाक ऐकून उड्या मारत यायचं आणि तिच्या हिरव्या लुगड्यात डोकं खुपसायचं.

विमलताई म्हणाल्या, "हिचं बारसं करायला हवं."

"नाव ठेवायचं नाही," सॅम्युएलनं सांगितलं. "हिला माळावर सोडायचीय. नाव ठेवलं की सोडवत नाही."

बरीच वादावादी झाली. शेवटी तोड निघाली. आम्ही फाटकाशी बसून बारशाच्या घुगऱ्या वाटल्या. पाळणा म्हटला नाही, नाव ठेवलं नाही. पाहुणा म्हणून सॅम्युएलनंही मूठभर खाल्ल्या आणि म्हणाला, "मीठ कमी आहे."

गंगूमावशी पाडसाला नुसतं 'बाय' म्हणायची. त्याला सॅम्युएलची हरकत नव्हती. ती सगळ्यांनाच बाय म्हणायची.

* * *

आषाढ लागला. त्या वर्षी पाऊस बरा होता. माळ हिरवे झाले होते. आणि एका रविवारी एक गृहस्थ कुंपणापाशी सिगारेट ओढत उभे होते, तर पाडस धावत जाऊन त्यांचा हात हुंगायला लागलं. लोकांना फार कौतुक वाटलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

सॅम्युएलनं मात्र आम्हाला बाजूला घेतलं.

"हे बरं नाही," तो म्हणाला. "माळावर रात्री-अपरात्री बंदुका घेऊन जीप फिरतात. शिकारबंदीचा कायदा आला तरी फिरतात. कळपातली बाकीची हरणं माणूस दिसला की पळतील. ही त्याच्याकडे धावत जाईल."

"मग नका सोडू," विमलताई म्हणाल्या.

"नाही सोडली तर जन्मभर या कुंपणात. साहेब म्हणालेत, कार्तिकात बघू. माणसाला भ्यायला लागली तर माळ, नाहीतर हे." त्यानं तारेवर हात मारला. मग गंगूमावशीकडे न बघता म्हणाला, "तिला मागच्या कुंपणात मोठ्या हरणांत टाकतोय. आता बाटली नाही, हाक नाही. कुणाचीच."

मावशी चढण उतरायला लागली.

पुढं आषाढी आली. चातुर्मासात एकेक वस्तू सोडायची असते, तसं आम्ही भजनानंतर देवासमोर बसून बोलत होतो. विमलताईंनी वांगं सोडलं. "आणि माझं चंपाषष्ठीपर्यंत असतं, कार्तिकीला सुटत नाही," हेही सांगितलं. मी चहातली साखर सोडली.

"मावशी, तुम्ही काय सोडलंत?"

मावशी वात सारखी करत होती.

"म्या बायला सोडलं," ती म्हणाली.

* * *

व्रत करणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्या. पण मावशी सोमवारी आमच्याबरोबर डोंगर चढून यायची आणि फाटकाबाहेरच लिंबाखाली बसायची. आत यायची नाही. मागच्या कुंपणातून कधी कधी पाडसाचं बारीक ओरडणं ऐकू यायचं. मावशी दोन्ही कानांवर पदर घेऊन जप करायची.

एकदा विमलताईंना राहवलं नाही. "मावशी, आजाऱ्याला, म्हाताऱ्याला व्रतात सूट असते. लांबून एकदा बघितलं तर मोडत नाही."

"मी आजारी न्हाई," मावशी म्हणाली. "आन् म्हातारी बी न्हाई."

विमलताई आत आल्या त्या रागातच. मागच्या बाजूला एक कुटुंब तारेतून शेंगा आत सारत होतं आणि पाडस कान टवकारून बघत होतं. विमलताईंनी त्या बाईचं मनगट धरलं.

"पाटी वाचता येत नाही का?"

"अहो, चार शेंगा तर आहेत. पोरांची हौस."

"हौस झाली असेल तर घरी न्या," विमलताई म्हणाल्या.

झाडू घेऊन मागून येणारा सॅम्युएल जागीच थबकला. मग तो पत्र्याचा रिकामा डबा घेऊन पुढं झाला आणि तारेवर जोरात वाजवला. पाडस दचकून मोठ्या हरणांत शिरलं. हे तो रोज करायचा. माणूस आला की डबा वाजवायचा. मला ते बघवायचं नाही. मी घरी येऊन दिवा लावताना म्हणायची, देवा, तिला भीती दे. असं मागणं मी आधी कधी मागितलं नव्हतं आणि देवाला ते कसं वाटेल, याचा विचार करत झोपायची. पण मागत राहिले.

* * *

कार्तिकी झाली. मावशीचं व्रत सुटलं. तरी ती आत गेली नाही. मग साहेबांनीच निरोप धाडला, सोमवारी या, हिरवं लुगडं नेसून या.

साहेबांचं म्हणणं सरळ होतं. परक्या माणसाला ती आता भिते. पण जिच्या पदराखाली वाढली तिलाही भ्यायली, तरच माळावर टिकेल. मावशीनं कुंपणात जायचं. पाडस आलं तर राहिलं इथंच. नाही आलं, तर उद्या पहाटे जीपमधून माळावर.

आम्ही तारेबाहेर उभ्या. मी पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवली होती. सॅम्युएलनं फाटक उघडलं आणि मावशीच्या हातात रिकामी बाटली दिली.

"हाक मारायची," तो म्हणाला. त्याला ते बोलायला जड गेलं.

मावशी आत गेली. कळप लांब गेला. पाडस, आता पाडस कसलं, चांगली उंच झाली होती ती, कळपाच्या कडेला थांबली. मान वर केली.

"बाय," मावशीनं हाक मारली.

हरणी दोन पावलं पुढं आली. विमलताईंनी माझा दंड इतका घट्ट धरला की संध्याकाळपर्यंत वळ होता. आणखी एक पाऊल. नाकपुड्या हलल्या. मावशी बाटली धरून जागच्या जागी उभी.

मग हरणी वळली आणि अशी उधळली, की एका उडीत झुडूप ओलांडून वरच्या कळपात दिसेनाशी झाली. धूळ तेवढी राहिली.

साहेबांनी टोपी काढून पुन्हा घातली. मावशी सावकाश बाहेर आली, बाटली सॅम्युएलला परत दिली आणि लिंबाखाली ठेवलेली आपली पिशवी उचलली. पिशवीतून पितळी डबा काढला. आत घुगऱ्या होत्या, सकाळीच शिजवलेल्या.

"हे कशाचं, मावशी?" सॅम्युएलनं विचारलं.

"तवा नाव ठिवू दिलं न्हाईस. आता ठिवलं."

"काय ठेवलं?"

"ते तिला म्हाईत," मावशी म्हणाली. "खा. मीठ बघ बराबर हाय का."

सॅम्युएलनं हात पुढं केला. त्यानं खाल्ल्या, पण मिठाचं काही बोलला नाही. साहेबांनी घेतल्या, मी घेतल्या. मग मावशी विमलताईंपुढं आली, आणि विमलताईंनी ओंजळ पुढं केली.

मी हळूच म्हटलं, "ताई, आज सोमवार. तुमचा उपास आहे."

"माहीत आहे मला," विमलताई म्हणाल्या आणि घुगऱ्या तोंडात टाकल्या.